पडद्यामागची खुर्ची

श्रीरंग त्या संध्याकाळी फक्त समई आणायला गेला होता. भुताखेतांच्या शोधात नव्हे. एवढं आधी लक्षात ठेवा आणि मग ऐका.

जय, तो फोन खाली ठेव. अनुष्का, शेकोटीत अजून एक लाकूड सरकव बाई, माझे गुडघे गारठलेत. काय म्हणतोस? ट्रू स्टोरी आहे का? अरे, श्रीरंग माझा वीस वर्षांपासूनचा शेजारी. त्या रात्री तो घरी न जाता माझ्याकडे आला होता आणि माझ्या सोफ्यावर बसून त्याने हे सगळं सांगितलं.  खरं-खोटं तुम्ही ठरवा. मी घडलं तसं सांगतो.

दिवस नोव्हेंबरचा पहिला रविवार. इथे अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात ना, तोच. आदल्या दिवशी संध्याकाळ असते त्या वेळेला त्या दिवशी काळोख होतो आणि माणूस फसतो. श्रीरंगही फसला. साडेचारला आपल्या कॅरी गावातून निघाला, म्हणाला, उजेडात जाऊन येऊ. तासाभराचा रस्ता. ते एक जुनं थिएटर आहे बघा, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या गावात, एकच सिग्नल असलेल्या. मंडळाचं नाटक तिथे व्हायचं होतं पुढच्या शनिवारी, दिवाळीचा कार्यक्रम म्हणून. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तालीम झाली, नटराजपूजन झालं आणि आवराआवरीत पूजेची समई स्टेजवरच राहिली. पितळी, कमरेएवढी. सुमित्राच्या माहेरची.

सुमित्रा म्हणजे श्रीरंगची बायको. जुलैत गेली होती. गुरुवारी ऑफिसला गेली, डोकं दुखतंय म्हणून लवकर आली आणि रविवारी आम्ही फ्यूनरल होममध्ये उभे होतो. पण तिची गोष्ट मार्चपासून सुरू होते.

मार्चमध्ये, पाडव्याला, हेच नाटक त्याच थिएटरात पहिल्यांदा झालं. मूळचा हॉलिवूडचा जुना सिनेमा. रंगीत, विनोदी, दर दहा मिनिटांनी गाणं आणि नाच. त्याच्याही आधी ते न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचं नाटक होतं. नाव सांगत नाही. सांगितलं की घरी जाऊन लावाल आणि तुमच्या आया मला फोन करतील. गोष्ट साधी आहे. एक विधवा बाई लॉज चालवते, तीन भाडेकरू तिच्यावर लट्टू. राबते ती, पण दारावर पाटी मेलेल्या नवऱ्याच्या नावाची. शेवटी ती पाटी काढून आपल्या नावाची लावते. श्रीरंगनं ते मराठीत बसवलं, बाईचं नाव ठेवलं गोदा. गाणी सगळी सुमित्राने लिहिली, आणि अशी लिहिली की इंग्रजीतून आलीत असं सांगावं लागायचं.

गळा तर काय विचारता. गणपतीच्या आरतीत शंभर माणसांतून तिचा सूर वेगळा ऐकू यायचा. आम्ही सगळे धरून चाललो होतो की गोदा तीच करणार.

श्रीरंगनं गोदा दिली चैत्रालीला. चैत्राली तेव्हा पीएचडी करत होती, तिशीही गाठली नव्हती, दिसायला देखणी आणि नाचायला फर्स्ट क्लास. सुरात मात्र ती गाऊ शकत नव्हती, आणि ते ती स्वतःच सांगायची. श्रीरंग म्हणाला, "काही बिघडत नाही. सिनेमातही त्यांनी हेच केलं होतं. रंगमंचावर जी गायची तिला घेतलंच नाही. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, आणि त्या दुसरीचं नाव कुठेच नाही. प्रेक्षकाला कळतं का? नाही कळत!" आपल्याकडे प्लेबॅकवाल्यांचं नाव तरी लावतात. हा ते हॉलिवूडचं शहाणपण म्हणून सांगत होता.

मग काय, विंगेत काळा पडदा, पडद्यामागे एक फोल्डिंगची खुर्ची, आणि खुर्चीवर सुमित्रा माइक घेऊन. ती गाणार, चैत्राली ओठ हलवणार. सुमित्राने एकच विचारलं, "शेवटी माझं नाव घेशील ना?"

"म्हणजे काय! घेणारच," श्रीरंग म्हणाला.

आणि हो, अजून एक. शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं सुमित्राने उखाण्यासारखं लिहिलं होतं.

दारावरती पाटी त्यांची, आत राबले मी, राव,
आज पडदा पडण्याआधी घेते माझंच नाव...

आणि मग गोदा स्वतःचं नाव घेते. नवऱ्याचं नाही, स्वतःचं. मला ती जागा फार आवडायची. श्रीरंगनं तालमीतच कापली. का, तर म्हणे लांबतंय. ते कडवं ना कुठल्या प्रयोगात झालं, ना कुठे रेकॉर्ड झालं. हे विसरू नका.

उखाणा माहीत आहे ना तुम्हाला? लग्नात सगळ्या बायका कोंडाळं करून मागे लागतात, "नाव घ्या, नाव घ्या." श्रीरंगच्या लग्नात सुमित्राने दोनदा घेतलं. याची पाळी आली तेव्हा हा म्हणाला, "आधी जेवू द्या." सगळे हसले आणि ते राहूनच गेलं.

पाडव्याचा प्रयोग जोरदार झाला. लोक उभे राहिले. शिकागोचे कुणी पाहुणे आले होते, ते तिथल्या तिथे म्हणाले, "काय गळा आहे हो या मुलीचा! आमच्याकडे आणा हे नाटक." श्रीरंग फुलून गेला. माइक हातात घेऊन त्याने सगळ्यांची नावं घेतली. प्रकाशयोजना, नेपथ्य, पार्किंग सांभाळणारे, समोसे देणारे. चैत्रालीचं तर दोनदा. सुमित्रा पडद्यामागे साडी नीट करून उभी होती. तिला वाटलं, शेवटी घेणार.

पडदा पडला.

गाडीतून दोघं घरी आली. गराजचं दार वर जात होतं तेव्हा सुमित्रा फक्त म्हणाली, "समोसेवाल्याचंसुद्धा घेतलंस रे."

मला विचाराल तर तो विसरला नव्हता. त्याचा बायकोच्या गळ्यावरून आतून जळफळाट व्हायचा, पहिल्यापासून. कुठेही गेलं की लोक तिला म्हणायचे, गा ना, आणि याला म्हणायचे, खुर्च्या लाव ना. मी त्याचा मित्र आहे आणि तरी हे बोलतो, कारण ती बाई माझ्या डोळ्यांसमोर त्या एका नावासाठी चार महिने थांबली आणि तशीच गेली.

नोव्हेंबरचा प्रयोग ठरला लोकाग्रहास्तव. गायला ती नव्हती, पण पाडव्याला तिचा माइक रेकॉर्ड झाला होता. श्रीरंग म्हणाला, तेच वाजवू. त्याची मुलगी अनिका अटलांटाकडे असते, अल्फारेटाला. वकील आहे. तिने फोन केला, "बाबा, जस्ट से हर नेम. सुरुवातीला सांगा, इट्स आईचा आवाज. हाऊ हार्ड इज इट?" हा म्हणाला, "अगं, आत्ता सांगितलं तर लोक म्हणतील पाडव्याला फसवलं. आणि विनोदी नाटक आहे. गेलेल्या बाईचा आवाज म्हटल्यावर हसणार कोण?" चैत्रालीनेही विचारलं होतं बिचारीने, "सर, मी सांगू का काकूंचं नाव?" तिला म्हणाला, "तू तुझ्या स्टेप्सकडे बघ."

तर असा हा माणूस समई आणायला निघाला.

गाव सामसूम. रविवार म्हणून बार्बेक्यूचं दुकानही बंद. फोनची बॅटरी नकाशानं खाल्ली होती, म्हणून फोन गाडीतच चार्जिंगला ठेवला. मागच्या दाराला कोड होता, तो दाबून आत गेला. आत दिवा लावायची गरजच पडली नाही. स्टेजच्या मधोमध लोखंडी स्टँडवर जाळीतला एक बल्ब जळत होता.

या बल्बचं तुम्हाला सांगायला हवं. अमेरिकेतल्या जुन्या थिएटरांत ही पद्धत आहे. सगळे गेले तरी स्टेजवर एक दिवा जळता ठेवतात. तिथला राखणदार, हॉलिस नावाचा म्हातारा, त्याने शनिवारी श्रीरंगला बजावून सांगितलं होतं, हा मालवायचा नाही. श्रीरंगनं विचारलं, का? तर म्हणाला, काळोखात कुणी स्टेजवरून खाली पडू नये म्हणून. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि ज्यांचा खेळ राहिलाय त्यांना उजेडात करता यावा म्हणून. अंधार केला की ते आपल्याला शोधत येतात." श्रीरंग हसला होता.

समई पुढच्या कोपऱ्यात होती. तेल गळलेलं, ते त्याने रुमालानं पुसलं. दोन्ही हातांनी समई छातीशी धरली आणि निघाला. निघताना बल्बच्या शेजारून गेला.

आता आपली माणसं. लहानपणापासून कानीकपाळी ओरडलेलं असतं, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, बिल कोण भरणार? माझा स्वतःचा हात हॉटेलातसुद्धा बटणाकडे जातो. त्याचाही गेला. कोपरानं समई सावरली, बोटानं बटण दाबलं. विचार करून नव्हे. सवयीनं.

टिक्.

काळोख म्हणजे किती काळोख? खिडकी नसलेल्या जागेतला. डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. आधी तो स्वतःवरच चिडला. पुन्हा बटण शोधायला एक हात पुढे केला, स्टँड हाताला लागेना. आत्ता तर इथे होता. मग म्हणाला, जाऊ दे, वाट पाठ आहे. डावीकडे विंग, विंगेतून बोळ, बोळाच्या टोकाला दार.

चालायला लागला. हळूहळू. हाताला काळा पडदा लागला. बरं वाटलं त्याला. पडदा बाजूला केला, आत पाऊल टाकलं.

पायाला काहीतरी लागलं. लोखंडाचा आवाज झाला.

खुर्ची.

आता शनिवारी तिथे खुर्ची नव्हती. लागणारच नव्हती, आवाज रेकॉर्डवरून यायचा होता. त्यानेच ती घडी करून कपाटामागे ठेवली होती. त्याने चाचपून पाहिलं. उघडलेली होती. पडद्याकडे तोंड करून. सीटवर हात गेला...

सीट कोमट होती.

कुणी आत्ता उठून गेल्यावर असते तशी.

त्याने हात मागे घेतला. आणि तेव्हा त्याला श्वास ऐकू आला. घाबरलेल्या माणसाचा नव्हे. गाणारा माणूस सुरुवातीआधी घेतो तो. खोल. शांत. तीस वर्षं ऐकलेला.

गाणं सुरू झालं.

शेवटचंच गाणं, पाटीचं. तो मनाशी म्हणाला, ट्रॅक सुरू झाला. सिस्टीम चालू राहिली असणार. पण सिस्टीम वरच्या खोलीत, कुलपात. आणि ट्रॅकमध्ये ऑर्गन असतो, ढोलकी असते. इथे काही नव्हतं. नुसता गळा. माइकशिवायचा.

आणि आवाज स्पीकरमधून, वरून येत नव्हता. त्याच्या कमरेच्या उंचीवरून येत होता.

खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असतं, तिथून.

तो हलला नाही. हलता येईना. एक कडवं झालं. दुसरं झालं.  मग गाणं त्या जागेशी आलं, जिथे त्याने कापलं होतं.

थांबलं.

काही नाही. 

मग पडद्यापलीकडे, रिकाम्या थिएटरात, एक सीट कुरकुरली. मग दुसरी. बांगड्या वाजल्यासारखं झालं. आणि कुणीतरी हळूच, हसत, थट्टेनं म्हणालं,

"नाव घ्या..."

मागच्या रांगेतून अजून कुणी. "घ्या की... नाव घ्या..."

बायकांचे आवाज. लग्नघरातले. जवळ येणारे.

"नाव घ्या..."

"आता जेवण झालंय ना?"

 आणि त्या सगळ्यात, खुर्चीच्या जागेवरून, साडी नीट केल्याची सळसळ झाली. आणि कुणीतरी उभं राहिलं. त्याच्या अगदी समोर.

वाट बघत...

पोरांनो, तीन अक्षरांचं नाव आहे. त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, "नंदू, ओठांवर आलं होतं रे. पण वाटलं, घेतलं तर मान्य केल्यासारखं होईल."

तेवढ्या भीतीतही. कळतंय का तुम्हाला? तेवढ्या भीतीतही त्याला हा हिशेब सुचला.

तो म्हणाला, "हूज देअर?"

सगळं एकदम गप्प झालं.

समई हातातून पडली आणि तो धावला. भिंतीला धडकत, कपाळ फोडून घेत, त्या दारातून बाहेर. थेट माझ्याकडे.

मी त्याला पाणी दिलं, कपाळाला औषध लावलं. म्हटलं, "श्रीरंग, यात घाबरण्यासारखं काय आहे? शनिवारी स्टेजवर उभा राहा आणि तिचं नाव घे. संपलं." त्याने हो म्हणून मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. पण चहा पोटात गेल्यावर त्याचा चेहरा बदलायला लागला. म्हणाला, ट्रॅक आपोआप सुरू झाला असेल. म्हणाला, जुलैपासून झोप कुठे आहे मला धड. हॉलिसनं दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, दिवा कुणी मालवला? हा म्हणाला, मला काय माहीत.

शनिवारी थिएटर तुडुंब. मी नेहमीसारखा मागे, चहाच्या टेबलापाशी. अनिका अटलांटाहून गाडी चालवत आली होती, तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिला अंक मस्त झाला. आवाज स्वच्छ येत होता. लोक हसत होते, माझ्या शेजारचा म्हणाला, "पोरीचा गळा काय आहे!" आणि मी दुसरीकडे बघितलं.

शेवटचं गाणं आलं. ऑर्गन वाजला. ढोलकी वाजली. चैत्रालीनं तोंड उघडलं.

आवाज नाही.

वाद्यं सगळी चालू. फक्त गळा नाही. ती पोर तशीच ओठ हलवत राहिली, एक ओळ, दोन ओळी. मग थांबली. विंगेकडे बघितलं तिने, त्या काळ्या पडद्याकडे, आणि काय दिसलं तिला देव जाणे. रडत उलट्या बाजूनं पळाली. अजूनही सांगत नाही.

वाद्यं बंद झाली. चारशे माणसं विंगेकडे बघू लागली. श्रीरंग माइक घेऊन स्टेजवर आला. मला वाटलं, घेतलं. आता घेतलं यानं. अनिका उभी राहिली होती, दोन्ही हात छातीशी धरून. इतकी सोपी जागा देवानं कुणाला दिली नसेल.

श्रीरंग म्हणाला, "मंडळी, माफ करा. साऊंडचा जरा प्रॉब्लेम आहे."

अनिका रांगेतून बाहेर पडली आणि माझ्या समोरून दारातून निघून गेली. आजतागायत ती त्याचा फोन उचलत नाही. तो दर रविवारी लावतो. आता काही गोष्टी रविवारी फोन लावून मिळत नसतात, पण त्याला कोण सांगणार.

आता शेवटचं. मी तेव्हा माझ्या फोनवर शूट करत होतो, चहाच्या टेबलामागून. हात जरा हललाय, पण चेहरा दिसतो. घरी येऊन लावलं. चैत्रालीपर्यंत सगळं तसंच आहे, मुके ओठ. मग श्रीरंग येतो. माइक तोंडाशी धरतो. आम्ही चारशे माणसांनी कानांनी ऐकलं, तो साऊंडचा प्रॉब्लेम म्हणाला.

फोनमध्ये तो ते म्हणत नाही.

मी त्याला दाखवलं. त्याने पूर्ण बघितलं आणि म्हणाला, "कुणीतरी एडिट केलंय." फोन माझा, खिशात माझ्या. कोण करणार?

हे बघा. या जवळ. अनुष्का, घाबरू नकोस, ती कुणाला काही करत नाही.

हा आला श्रीरंग. हा माइक. आता त्याच्या ओठांकडे बघा, फक्त ओठांकडे...

दारावरती पाटी त्यांची, आत राबले मी, राव...

ऐकलंत? हेच ते कडवं. कुठेच रेकॉर्ड न झालेलं. ओठ त्याचेच हलताहेत, एक अक्षर चुकत नाही.

थांबा. अजून संपलं नाही. आता गोदाचं नाव यायला हवं...

"सुमित्रा."

तोंड श्रीरंगचं आहे. आवाज तिचा आहे.